माप

कुडचड्याच्या रेल्वे फाटकापलीकडे माझी शेड.
आधी खाणीच्या ट्रकांचे फाळके जोडायचो,
रात्री दोनलाही कुणीतरी हॉर्न मारायचं.
मग खाणी थांबल्या. ट्रक रांगेनं उभे राहिले,
टायरांतून गवत वर आलं
आणि वेल्डिंगची काच बरेच दिवस
नुसती खिळ्याला.

द्रौपदी वेळीपचा भाऊ, शाणू,
टेंपोतून एक खुर्ची घेऊन आला.
चकचकीत. पाठीवर देणाऱ्यांचं नाव.
हॉलमध्ये फोटो झाला होता म्हणे, शाल, नारळ, टाळ्या.
हॉलची फरशी गुळगुळीत होती.
कावऱ्याची वाट नाही.
पुढची इवली चाकं चिऱ्यांच्या फटीत अडकून मोडली
सतराव्या दिवशी.
बेअरिंग उघडलं तर आत लाल चिखल.
सुटा भाग मी मडगावपर्यंत विचारला.
नाही मिळत, पात्रांव, अख्खी नवी घ्या.

"तोवर कोंबडी बसते तिच्यात," शाणू म्हणाला,
"अंडी मात्र चांगली घालते."

मी माप घ्यायला गेलो.
पाठीला टेप लावला, मग मांडीला,
तशी ती म्हणाली, माझं काय मोजतोस?
दार मोज.

न्हाणीचं दार: सत्तावीस इंच,
पण ओलीनं चौकट फुगलेली, म्हणजे सव्वीसच धर.
उंबरा चार बोटं.
अंगणातून पाटापर्यंत उतार,
त्यावर पोफळीची झावळं, कधीही पडणारी.
शेजारणीचं दार एकवीस पावलांवर.
"कुणाची पावलं?" मी विचारलं
आणि जीभ चावली.
"जुनी," ती म्हणाली. "माझीच."

पहिली खुर्ची मागे कलंडली,
देवळाच्या चढावर, तिच्यासकट.
तिनं घातलेल्या शिव्या इथे लिहीत नाही,
त्यातल्या दोन मला नवीन होत्या.
दुसरी जड झाली. शाणूच्या बायकोनं उचलून पाहिली
आणि काही न बोलता खाली ठेवली.
तिसरीला पुढे एकच चाक,
होडीच्या नाळीसारखं लांब काढलेलं.
मागे सायकलची चाकं, कुठल्याही दुकानातली.
तेरा-चौदाच्या पान्यानं फिरत नाही
असा एकही नट नाही.
माझं शहाणपण काय ते एवढंच:
गावात मिळत नाही ते खुर्चीत नाही.

आठ हजार दोनशे. मजुरी धरली नाही.
फुकट नको म्हणाली,
फुकटची ती कोंबडीला दिली.
मग दर शुक्रवारी बसमधून सुपारी,
दोनदा मिरची, एकदा फणस, तोही कापा.
वहीत अजून सहाशे बाकी.

मागोमाग सांग्याचा एक म्हातारा आला.
नेत्रावळीची शाळकरी पोर आली,
तिला मागे कॅरिअर हवा होता,
मैत्रिणीला बसवायला.
माझ्या काचेवरची धूळ गेली.

पावसाळा सरला. द्रौपदीचा निरोप नाही.
गेलं असणार चाक, मला वाटलं,
पुन्हा परसात, पुन्हा कोंबडी.
पाने, हातोडी, दोन ट्यूब पिशवीत टाकून गेलो.

दार ओढून घेतलेलं.
शेजारीण म्हणाली, ती रिवणला गेलीय, पंचायतीत,
कुणाशी तरी भांडायला.
चाक?
पंक्चर झालं की दोनदा.
तिठ्यावरच्या सायकलवाल्या पोरानं काढलं. वीस रुपये.
आराही बदलला त्यानंच.

मी पायरीवर बसलो.
वीस रुपये! आणि मला कळवलंही नाही कुणी.
खोटं कशाला बोलू, थोडं लागलं.
मग अंगणातल्या लाल मातीत रेघा दिसल्या,
दोन लांब लांब, मधे एक:
न्हाणीकडे, पाटाकडे,
शेजारच्या दाराकडे तर इतक्या
की ती एकवीस पावलं आता वाटच झालीय,
आणि एक ताजी, बेड्याबाहेर, वळणापर्यंत,
पुढे डांबर.

परतताना पिशवी तेवढीच जड.
काहीच काढावं लागलं नव्हतं तिच्यातून.